फ्रान्सच्या अध्यक्षाची निवड : दोन रविवारांचे गणित

२१ एप्रिल २००२, रविवार. रात्रीचे आठ वाजले आणि फ्रान्समधील कोट्यवधी दूरचित्रवाणी संचांवर दोन चेहरे झळकले. त्या रात्री कोणते दोन चेहरे दिसणार याविषयी कुणाच्या मनात फारशी शंका नव्हती. एक विद्यमान अध्यक्ष झाक शिराक यांचा आणि दुसरा पाच वर्षे पंतप्रधानपद सांभाळणारे समाजवादी नेते लिओनेल जोस्पाँ यांचा, असेच सारे धरून चालले होते. प्रत्यक्षात शिराक यांच्या शेजारी दिसले ते अतिउजव्या नॅशनल फ्रंटचे ज्याँ-मारी ल पेन. जोस्पाँ तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले होते. त्याच रात्री त्यांनी राजकारणातून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले.

या धक्क्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी पुन्हा मतदान झाले आणि शिराक ८२.२१ टक्के मते मिळवून विजयी झाले. ज्या उमेदवाराला दोन आठवड्यांपूर्वी २० टक्के मतेही मिळाली नव्हती, त्याच्या पारड्यात देशाने चारपट मते टाकली. चौदा दिवसांत शिराक यांची लोकप्रियता चौपट वाढली होती काय? मुळीच नाही. या कोड्याचे उत्तर शिराक यांच्या व्यक्तिमत्त्वात सापडत नाही, ते सापडते फ्रान्सच्या निवडणूक पद्धतीत.

ही पद्धत एका गोष्टीची हमी देते. वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळवल्याशिवाय कुणीही एलिझे प्रासादात पाऊल ठेवू शकत नाही. भारतातील लोकसभा वा विधानसभा निवडणुकीत तीस-पस्तीस टक्के मते मिळवणाराही विजयी होऊ शकतो, हे आपण जाणतो. फ्रान्सच्या अध्यक्षपदाबाबत तसे घडू शकत नाही. मात्र हे बहुमत नेमके कुणाचे आणि ते कशासाठी दिलेले असते, हा प्रश्न ही पद्धत सोडवत नाही. गेली काही वर्षे फ्रान्सचे राजकारण याच प्रश्नाभोवती घुटमळत आहे.

सम्राटाची धास्ती

जनतेने थेट अध्यक्ष निवडावा, हा विचार फ्रान्समध्ये सहजासहजी रुजलेला नाही. १८४८ च्या क्रांतीनंतर स्थापन झालेल्या दुसऱ्या प्रजासत्ताकाने हा प्रयोग प्रथम करून पाहिला. त्या वर्षीच्या डिसेंबरात देशातील प्रौढ पुरुषांनी मतदान केले आणि सुमारे ७४ टक्के मते मिळवून नेपोलियनचा पुतण्या लुई-नेपोलियन बोनापार्ट अध्यक्ष झाला. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १८५१ रोजी, त्याने लष्कराच्या बळावर संसद बरखास्त केली आणि पुढच्याच वर्षी तो तिसरा नेपोलियन या नावाने सम्राट बनला. लोकांनी निवडलेल्या अध्यक्षानेच प्रजासत्ताक गिळंकृत केले, हा धडा फ्रेंच प्रजासत्ताकवाद्यांनी पुढील शंभर वर्षे विसरला नाही.

म्हणूनच तिसऱ्या आणि चौथ्या प्रजासत्ताकात अध्यक्षाची निवड जनतेकडे न सोपवता संसदेच्या दोन्ही सभागृहांकडे सोपवण्यात आली. अध्यक्षपद बरेचसे शोभेचे राहिले आणि सत्तेची सूत्रे संसदेच्या हाती गेली. पण संसदेलाही ती नीट पेलली नाहीत. १९५३ मध्ये रने कोती यांची अध्यक्षपदी निवड करण्यासाठी खासदारांना तब्बल तेरा वेळा मतदान करावे लागले. १९४६ ते १९५८ या बारा वर्षांत वीसहून अधिक मंत्रिमंडळे आली आणि गेली. अखेर अल्जीरियातील युद्धाने देश यादवीच्या उंबरठ्यावर आणला, तेव्हा राजकारणातून बाजूला झालेल्या जनरल चार्ल्स द गॉल यांना पाचारण करण्यात आले. १९५८ च्या सप्टेंबरात सार्वमताने नवी राज्यघटना संमत झाली आणि पाचवे प्रजासत्ताक अस्तित्वात आले.

या राज्यघटनेने अध्यक्षाला भक्कम अधिकार दिले. पंतप्रधानाची नेमणूक करणे, कनिष्ठ सभागृह म्हणजे नॅशनल असेंब्ली विसर्जित करणे, काही प्रश्न थेट सार्वमताला टाकणे हे अधिकार त्याला मिळाले, शिवाय सेनादलांचे सर्वोच्च प्रमुखपदही. निवड मात्र अजूनही अप्रत्यक्षच होती. खासदार, प्रांतिक प्रतिनिधी आणि गावोगावचे लोकप्रतिनिधी मिळून सुमारे ८० हजारांच्या मतदारमंडळाने १९५८ च्या डिसेंबरात द गॉल यांना निवडून दिले.

चित्र पालटले ते १९६२ मध्ये. २२ ऑगस्ट रोजी पॅरिसजवळ प्ती-क्लामार येथे द गॉल यांच्या मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. ते आणि त्यांच्या पत्नी बचावल्या. पण ‘आपल्यानंतर कोण?’ हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिला नव्हता. आपल्यामागे युद्धकाळातील कर्तृत्वाचे वलय आहे, येणाऱ्या अध्यक्षाकडे ते नसेल, मग त्याच्या शब्दाला वजन यायचे कुठून, असा द गॉल यांचा विचार होता. थेट जनतेचा कौल, हे त्यांचे उत्तर होते. संसदेला डावलून त्यांनी हा प्रस्ताव सरळ सार्वमताला टाकला. घटनादुरुस्तीचा विहित मार्ग हा नव्हे, असे म्हणत संतप्त असेंब्लीने पंतप्रधान जॉर्ज पाँपिदू यांच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव संमत केला. द गॉल यांनी असेंब्लीच विसर्जित केली. २८ ऑक्टोबरच्या सार्वमतात ६२ टक्के मतदारांनी होकार दिला. पुढे घटना परिषदेपुढे तक्रार गेली, तेव्हा जनतेने थेट व्यक्त केलेल्या इच्छेची तपासणी करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे सांगून परिषदेने हात झटकले. अशा रीतीने, वादग्रस्त मार्गाने का होईना, अध्यक्ष निवडण्याचा हक्क फ्रेंच जनतेकडे परत आला.

पाचशे सह्यांचा उंबरठा

निवडणुकीला उभे राहणे कागदोपत्री सोपे आहे. फ्रेंच नागरिक असलेली, मतदानाचा हक्क असलेली अठरा वर्षांची व्यक्तीही उमेदवार होऊ शकते. खरी परीक्षा सूचकांची. भारतात राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात. फ्रान्समध्ये ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात. त्या किमान ३० वेगवेगळ्या जिल्ह्यांतील वा सागरपार प्रदेशांतील असाव्या लागतात आणि एका जिल्ह्यातील ५० पेक्षा अधिक सह्या धरल्या जात नाहीत. एखाद्या प्रांतापुरता प्रभाव असलेल्या नेत्याने देशाच्या सर्वोच्च पदाचा खेळ मांडू नये, हा त्यामागील हेतू. पूर्वी केवळ शंभर सह्या पुरत असत. १९७४ मध्ये बारा उमेदवार उभे राहिल्यावर १९७६ मध्ये ही अट पाचपट कडक करण्यात आली.

सह्या देण्याचा अधिकार असलेले लोकप्रतिनिधी सुमारे ४२ हजार आहेत आणि त्यांतील बहुसंख्य लहान लहान गावांचे प्रमुख आहेत. आपल्याकडील सरपंचाशी ज्याची तुलना करता येईल, असा हा ‘मेर’. फ्रान्समध्ये असे सुमारे ३५ हजार मेर आहेत. अध्यक्ष होऊ पाहणाऱ्या नेत्याचे कार्यकर्ते या दुर्गम गावांची दारे ठोठावत फिरतात, हे दृश्य दर पाच वर्षांनी दिसते. २०१६ च्या कायद्यानंतर सही देणाऱ्या प्रत्येकाचे नाव प्रसिद्ध होऊ लागले. त्यामुळे गावाशी वैर नको म्हणून अनेक मेर कुणालाच सही देत नाहीत. ज्याँ-मारी ल पेन यांना १९८१ मध्ये पाचशे सह्या जमल्या नाहीत म्हणून घरी बसावे लागले. त्यांच्या कन्या मरीन ल पेन यांना २०२२ मध्ये लक्षावधी समर्थक पाठीशी असूनही शेवटच्या आठवड्यांपर्यंत सह्यांसाठी धावाधाव करावी लागली.

पैशालाही लगाम आहे. २०२२ मध्ये पहिल्या फेरीसाठी खर्चाची मर्यादा सुमारे १ कोटी ६९ लाख युरो होती आणि दुसऱ्या फेरीत पोहोचणाऱ्या दोघांसाठी सुमारे २ कोटी २५ लाख युरो. पाच टक्क्यांहून अधिक मते मिळवणाऱ्याला या मर्यादेच्या जवळजवळ निम्म्यापर्यंतचा खर्च सरकार परत करते. पाच टक्के न गाठणाऱ्याला अगदी थोडकीच रक्कम मिळते. उजव्या पक्षाच्या व्हालेरी पेक्रेस यांना त्या वर्षी ४.७८ टक्के मते मिळाली. हुकलेल्या पाव टक्क्याने त्यांना एवढे कर्जबाजारी केले, की निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी लोकांकडे देणग्यांसाठी हात पसरला. मर्यादा ओलांडणाऱ्याला तर माफी नाहीच. निकोलस सार्कोझी यांचा २०१२ च्या प्रचाराचा हिशेब २०१३ मध्ये घटना परिषदेने फेटाळला आणि माजी अध्यक्ष असूनही त्यांना सरकारी परतावा गमवावा लागला.

दूरचित्रवाणीवर पैसे मोजून राजकीय जाहिरात करण्यास मज्जाव आहे. अधिकृत प्रचाराच्या काळात बलाढ्य पक्षाचा नेता आणि एक टक्का मतांचा धनी यांना आकाशवाणी-दूरचित्रवाणीवर सारखाच वेळ द्यावा लागतो. मतदान केंद्राबाहेरील फलकांवरही प्रत्येकाला सारखीच जागा मिळते. शुक्रवारी मध्यरात्री प्रचार थांबतो आणि रविवारी रात्री आठपर्यंत कोणतीही मतचाचणी प्रसिद्ध करता येत नाही.

कागद, लिफाफा आणि पारदर्शक पेटी

मतदान नेहमी रविवारी होते. कॅरिबियन बेटे, फ्रेंच गयाना, पॉलिनेशिया अशा ठिकाणी ते आदल्या दिवशी, शनिवारी उरकले जाते, म्हणजे पॅरिसचा निकाल कानावर पडल्यानंतर तेथील मतदारांना मत देण्याची वेळ येत नाही. परदेशस्थ नागरिकही मतदान करतात. त्यांत आपल्या पुदुच्चेरीचे काही हजार मतदार आहेत. फ्रेंच वसाहतींच्या हस्तांतराचा करार १९६२ मध्ये अमलात आला, तेव्हा ज्यांनी फ्रेंच नागरिकत्व राखले, त्यांचे वंशज आजही पुदुच्चेरी आणि कारैकल येथे फ्रान्सच्या अध्यक्षासाठी मत देतात.

मतदान यंत्रे थोड्या नगरांपुरतीच मर्यादित आहेत. बाकी सर्वत्र कागदाचे राज्य. मात्र तेथे सर्व उमेदवारांची नावे असलेली एकच मतपत्रिका नसते, प्रत्येकाच्या नावाची स्वतंत्र चिठ्ठी असते. मतदार टेबलावरून अनेक चिठ्ठ्या आणि एक लिफाफा उचलतो, पडद्याआड जातो, हवी ती चिठ्ठी लिफाफ्यात घालतो आणि बाहेर येऊन लिफाफा पारदर्शक पेटीत टाकतो. ‘मत दिले!’ असे अधिकारी मोठ्याने पुकारतो आणि मतदार यादीत सही करतो. सायंकाळी मोजणीही तिथेच, त्याच खोलीत, गावकऱ्यांच्या हातून आणि सर्वांसमक्ष होते.

पहिल्या फेरीत कुणाला वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते मिळाली, तर निवडणूक तिथेच संपते. पण १९६५ पासून २०२२ पर्यंत झालेल्या अकरा थेट निवडणुकांत एकदाही तसे घडलेले नाही. द गॉल यांच्यासारख्या नेत्यालाही १९६५ मध्ये पहिल्या फेरीत सुमारे ४५ टक्क्यांवर थांबावे लागले होते. मग चौदाव्या दिवशी दुसरी फेरी होते आणि तीत पहिले दोघेच उरतात. या दोन आठवड्यांत पराभूत उमेदवार आपापल्या मतदारांना कानमंत्र देतात आणि दोन्ही प्रतिस्पर्धी दूरचित्रवाणीवर समोरासमोर बसून वाद घालतात. १९७४ पासूनची ही प्रथा केवळ २००२ मध्ये खंडित झाली, कारण शिराक यांनी ल पेन यांच्याशी वाद घालण्यास नकार दिला.

पहिल्या फेरीतील आघाडी म्हणजे विजय नव्हे. १९७४ मध्ये फ्रान्स्वा मितराँ पहिल्या फेरीत पुढे होते, अध्यक्ष झाले जिस्कार देस्तँ. १९८१ मध्ये जिस्कार पुढे होते, जिंकले मितराँ. १९९५ मध्ये जोस्पाँ पुढे होते, बाजी मारली शिराक यांनी. १९७४ ची अंतिम लढत तर ५०.८१ विरुद्ध ४९.१९ टक्के इतकी चुरशीची झाली.

फाटाफुटीची किंमत

पहिल्या फेरीत निवडायचे आणि दुसऱ्या फेरीत गाळायचे, असे फ्रान्समध्ये म्हटले जाते. पहिल्या रविवारी मतदार मनाजोगत्या उमेदवाराला मत देतो, मग तो जिंकण्याची शक्यता असो वा नसो. दुसऱ्या रविवारी उरलेल्या दोघांपैकी अधिक नकोसा कोण, एवढेच ठरवतो. ही विभागणी ऐकायला सुरेख वाटते. पण तीत एक गृहीतक दडलेले आहे. दुसऱ्या रविवारी आपल्या विचारांच्या जवळचा कुणीतरी रिंगणात असेलच, हे ते गृहीतक.

२००२ मध्ये ते कोसळले. पहिल्या फेरीत सोळा उमेदवार होते. ल पेन यांना १६.८६ टक्के आणि जोस्पाँ यांना १६.१८ टक्के मते मिळाली. अंतर होते अवघे १ लाख ९४ हजार ६०० मतांचे. जोस्पाँ यांच्याच मंत्रिमंडळात गृहमंत्री राहिलेले ज्याँ-पिएर शेव्हेनमाँ १५ लाखांहून अधिक मते घेऊन गेले. सरकारातील एका लहान मित्रपक्षाच्या क्रिस्तियान तोबिरा यांनी सुमारे ६ लाख ६० हजार मते घेतली. सत्तेत भागीदार असलेल्या हरित आणि कम्युनिस्ट पक्षांचेही स्वतंत्र उमेदवार होतेच. डाव्यांची मते कमी नव्हती, ती विखुरलेली होती. जोस्पाँ दुसऱ्या फेरीत जाणारच, तेव्हा पहिल्या फेरीत त्यांना थोडा इशारा द्यायला काय हरकत आहे, असा हिशेब कित्येक मतदारांनी केला होता. तो हिशेब सर्वांनी एकाच वेळी केला आणि दुसऱ्या रविवारी त्यांच्यापुढे शिराक यांना नाक मुठीत धरून मत देण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

हा धडा पचला, असेही नाही. २०२२ मध्ये डावे नेते ज्याँ-ल्यूक मेलाँशाँ तिसरे आले आणि मरीन ल पेन यांच्यापेक्षा सुमारे ४ लाख २१ हजार मतांनी मागे पडले. त्याच फेरीत कम्युनिस्ट उमेदवाराला ८ लाखांहून अधिक मते पडली होती.

उसने बहुमत

२०२२ च्या दुसऱ्या फेरीत इमॅन्युएल मॅक्राँ ५८.५५ टक्के मतांनी विजयी झाले. या आकड्याच्या पोटात शिरले, तर निराळे चित्र दिसते. मतदारयादीत ४ कोटी ८७ लाख नावे होती आणि मॅक्राँ यांना १ कोटी ८७ लाख मते पडली, म्हणजे नोंदणी झालेल्या मतदारांच्या ३८ टक्क्यांच्या आसपास. सुमारे २८ टक्के मतदार फिरकलेच नाहीत. सुमारे ३० लाख जणांनी मतदान केंद्रापर्यंत जाऊन कोरी किंवा बाद ठरणारी चिठ्ठी पेटीत टाकली. २०१४ च्या कायद्याने कोरी मते वेगळी मोजली जातात, पण बहुमताच्या हिशेबात ती धरली जात नाहीत. दोघेही नकोत, असे सांगणारा मतदार मोजला जातो, पण त्याने निकाल हलत नाही.

विजयाच्या रात्री खुद्द मॅक्राँ यांनीच कबुली दिली, की अनेकांनी आपल्या विचारांसाठी नव्हे, तर अतिउजव्यांना रोखण्यासाठी आपल्याला मत दिले आहे. पण राज्य करायला बसल्यावर हे उसने बहुमत आणि स्वतःचे बहुमत यांत फरक कसा करायचा? २०२३ मध्ये निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्याचा कायदा त्यांच्या सरकारने असेंब्लीत अंतिम मतदान न घेताच घटनेतील विशेष तरतुदीच्या आधारे संमत करवून घेतला. निवृत्तीचे वय वाढवण्याचे आपण प्रचारातच सांगितले होते, म्हणजे जनतेचा कौल मिळालेला आहे, असा मॅक्राँ यांचा युक्तिवाद होता. आम्ही मत दिले ते ल पेन नकोत म्हणून, निवृत्तिवेतनाला हात लावा म्हणून नव्हे, असे रस्त्यावर उतरलेल्या लाखो लोकांचे म्हणणे होते. दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे बोलत होते. चिठ्ठीवर फक्त नाव असते, ते नाव का निवडले हे लिहायला तिच्यावर जागा नसते. अखेर २०२५ च्या डिसेंबरात संसदेने हा बदल २०२७ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतरपर्यंत स्थगित ठेवण्याचा निर्णय घेतला.

शिवाय अध्यक्षाला असेंब्लीत बहुमत हवेच. ते विरोधकांकडे असेल, तर विरोधी पक्षाचा पंतप्रधान नेमून ‘सहजीवन’ पत्करावे लागते. १९८६, १९९३ आणि १९९७ मध्ये ते घडले. ते टळावे म्हणून २००० च्या सार्वमताने अध्यक्षाची मुदत सात वर्षांवरून पाचवर आणली गेली आणि असेंब्लीची निवडणूक अध्यक्षीय निवडणुकीच्या लगेच पाठोपाठ घेण्याचा पायंडा पडला. दोन दशके हा उपाय चालला. २०२२ मध्ये मॅक्राँ यांना स्पष्ट बहुमत मिळाले नाही. २०२४ मध्ये त्यांनी मुदतीपूर्वी असेंब्ली विसर्जित केली, तर ती तीन गटांत विभागून परतली. त्या डिसेंबरात पंतप्रधान मिशेल बार्निए यांचे सरकार अविश्वासाच्या ठरावाने पडले. १९६२ नंतर प्रथमच असे घडले. पुढल्या सप्टेंबरात फ्रान्स्वा बायरू यांचेही सरकार विश्वासमत गमावून बसले. चौथ्या प्रजासत्ताकातील ज्या अस्थैर्यावर थेट निवडलेला अध्यक्ष हा उतारा मानला गेला होता, ते पुन्हा दारात येऊन उभे राहिले.

याचा अर्थ ही पद्धत टाकाऊ ठरते, असा नव्हे. बहुसंख्यांना जो मुळीच नको आहे, त्याला रोखण्याची संधी ती देते. एकाच फेरीत निकाल लागत असता, तर २००२ मध्ये शिराक पाचांतील एकाच्या मतावर अध्यक्ष झाले असते. मात्र दुसऱ्या रविवारी नकार नोंदवता येतो, पसंती नोंदवण्याची संधी पहिल्या रविवारीच असते आणि ती त्याच दिवशी निसटूही शकते. २००८ च्या घटनादुरुस्तीनुसार सलग दोनच मुदती मिळत असल्याने २०२७ च्या निवडणुकीत मॅक्राँ यांना उभे राहता येणार नाही. अशा मोकळ्या रिंगणात इच्छुकांची गर्दी होते, मते विखुरतात आणि दुसरी फेरी गाठण्यासाठी लागणारा आकडा खाली येतो. २१ एप्रिल २००२ च्या रात्री पडद्यावर उमटलेले ते दोन चेहरे फ्रेंच मतदाराने तेव्हा आठवायला हवेत.